साक्षीदाराची परीक्षा

बाहेरची हवा ज्या नळ्यांतून मोटारीच्या इंजिनांत शिरते त्यांस इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. तेथील हवेचा दाब सांगणारा एक लहानसा सेन्सर पुष्कळ गाड्यांत असतो व त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल किती द्यावयाचें हें ठरतें. त्याची साक्ष चुकली तर गाडी अडखळते, पेट्रोल फुकट जातें. आणि पुष्कळदां त्याचा दोष नसतांही तोच बदलला जाऊन मालकाच्या खिशास चाट बसते. साक्षीदार खरा कीं खोटा, हें ओळखावयाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर मोटारीहून पुष्कळ जुनें आहे.

इ. स. १६४३ च्या सुमारास इटलींत तॉरिचेल्लीच्या प्रयोगानें दिसून आलें कीं, नळींतील पारा सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीवर तोलून राहतो. हा हवेच्या भाराचा परिणाम असेल, तर पर्वतावर पारा उतरला पाहिजे, असें फ्रान्समधील पास्काल यानें ताडिलें. त्याच्या सांगण्यावरून त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान पेरिये हे १९ सप्टेंबर १६४८ रोजीं प्वी द दोम पर्वतावर चढले. वर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. परंतु पेरिये यांचें खरें शहाणपण पायथ्याशीं दिसतें. दुसरी नळी त्यांनीं क्लेर्मों येथील मठाच्या बागेंत ठेवून एका साधूस तिजवर दिवसभर लक्ष ठेवावयास सांगितलें होतें. तींतील पारा तसूभरही हालला नाहीं. म्हणून हा फरक उंचीचा, त्या दिवशींच्या हवापालटाचा नव्हे, हें निःसंशय ठरलें.

१८४४ सालीं व्हिदी यानें पाऱ्याऐवजीं हवा काढून घेतलेली धातूची डबी योजिली. १९६७ सालीं बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक पद्धतींत तशाच डब्या मॅनिफोल्डचा दाब मोजूं लागल्या. पुढें त्यांच्या जागीं सिलिकॉनचा पातळ पडदा आला. १९७१ सालीं दाबाच्या मापासही पास्कालचेंच नांव मिळालें.

आतां पेरिये यांची रीत येथें लावून पाहूं. इंजिन बंद ठेवून केवळ किल्ली फिरवावी. त्या वेळीं मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. म्हणून सेन्सरनें मुंबईस सुमारें १०१ व महाबळेश्वरीं सुमारें ८६ किलोपास्कल दाखविले पाहिजेत. हीच आपली पायथ्याची नळी. येथेंच आंकडा चुकला तर सेन्सर किंवा त्याच्या तारा संशयास्पद. आंकडा बरोबर आला तर हातपंपानें सेन्सरच्या तोंडाची हवा ओढून पाहावी. दाब क्रमाक्रमानें उतरत गेला तर साक्षीदार निर्दोष समजावा. निरोगी पेट्रोल इंजिन संथ चालत असतां हा दाब बहुधा बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असतो. तो अधिक दिसला तर चीर गेलेली रबरी नळी किंवा सैल झालेला सांधा प्रथम शोधावा. असा सांधा तसाच राहिला तर नवा सेन्सरही जुन्याचीच साक्ष देईल.

पेरिये यांस त्या दुसऱ्या नळीसाठीं एक दिवस व एक साधू लागला. आपणांस किल्लीचा एक फेरा पुरे आहे. तेवढी जबानी घेतल्यावांचून सेन्सरास शिक्षा करूं नये.