सेबास्तियाओ साल्गादो
सेबास्तियाओ साल्गादो (८ फेब्रुवारी, १९४४ – २३ मे, २०२५) हे ब्राझिलचे छायाचित्रकार होते. अर्थतज्ज्ञाची नोकरी सोडून ते १९७३ मध्ये या क्षेत्रात आले. साहेलमधील दुष्काळात त्यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेसोबत काम केले. मुंबईच्या चर्चगेट स्थानकातील गर्दीचे त्यांचे १९९५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

रवांडातील १९९४ चा नरसंहार पाहून ते खचले. मिनास जेराइस राज्यातील त्यांच्या वडिलांची गुरेचराईची जमीनही तोवर उजाड झाली होती. तेथे पूर्वीचे अरण्य पुन्हा उभारावे, ही कल्पना पत्नी लेलिया यांची. त्यामुळे या कार्याचे श्रेय एकट्या साल्गादोंना देणे योग्य नव्हे. १९९८ मध्ये दोघांनी 'इन्स्तितुतो तेरा' ही संस्था स्थापन केली. स्थानिक वृक्षजातींची २० लाखांहून अधिक रोपे लावल्यावर आटलेले झरे वाहू लागले, पक्षी परतले. याच अनुभवातून 'जेनेसिस' (२०१३) हा त्यांचा निसर्गविषयक छायाचित्रसंग्रह आकारास आला.