संगणकांची शर्यत आणि कसोटीचा खरेपणा

मिरचीचा मोंढा म्हणून धर्माबादचे नाव दूरवर गाजले आहे. अशा गावातील श्रोत्यांना नमुना आणि माल ह्यांतील फरक समजावून सांगण्याचे कारण नाही. पोत्याच्या तोंडाशी दिसते तीच मिरची तळाशी असेल असे मानून चालणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. मोठ्या संगणकांच्या इतिहासात गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे ह्याच प्रश्नावर वाद चालू आहे. तो समजून घेणे आपल्यालाही आवश्यक आहे. कारण ही यंत्रे सार्वजनिक पैशाने घेतली जातात आणि आपल्या पावसाचा अंदाज त्यांच्यावरच निघतो.

संगणकाचे गणित करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. अनेकांची कामे अहोरात्र करणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि असे शेकडो सर्व्हर एकत्र जोडले की महासंगणक होतो. कोणाचा प्रोसेसर अधिक चांगला हे ठरविण्यासाठी सर्वांना एकच गणित घालावयाचे आणि वेळ मोजावयाचा, ही कल्पना साधी आहे. जॅक डोंगारा ह्यांनी १९७९ साली अनेक समीकरणे एकदम सोडविण्याच्या ‘लिनपॅक’ ह्या कार्यक्रमाचे निरनिराळ्या यंत्रांवरील वेळ प्रसिद्ध केले. पुढे १९९३ पासून त्याच गणिताच्या आधारे जगातील पाचशे यंत्रांची क्रमवारी वर्षातून दोनदा निघू लागली.

पुण्याच्या यंत्रांकडे पाहिले म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ नीट उमगतो. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळत नाही असे दिसल्यावर १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यात इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. पुढच्या यंत्रांत इंटेल, सन, आयबीएम आणि एएमडी ह्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रोसेसर आळीपाळीने आले.

आता आकडे पाहू. २००३ च्या जूनमधील यादीत ‘परम पद्म’ १७१ वा आला. आयबीएमच्या २४८ प्रोसेसरांची कागदावरची बेरीज सेकंदास ९९२ अब्ज क्रिया इतकी होते. लिनपॅक सोडविताना प्रत्यक्षात ५३२ अब्ज क्रिया झाल्या. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. २००७ च्या नोव्हेंबरात टाटांच्या पुण्यातील ‘एक’ ह्या इंटेल प्रोसेसरांच्या यंत्राने जगात चौथा क्रमांक मिळविला. त्याची कागदावरची शक्ती सुमारे १७१ टेराफ्लॉप, कसोटीवरची ११७.९. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदास एक लाख कोटी क्रिया. उरलेली शक्ती कोठे जाते? प्रोसेसर एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसतात. सामग्री स्मृतीतून येईपर्यंत खोळंबतात. तेव्हा केवळ प्रोसेसरची तुलना करून यंत्राची तुलना होत नाही.

‘परम’चा नमुना १९९० साली झुरिकच्या प्रदर्शनात जगात दुसरा ठरला, असे वाक्य आपल्याकडे पुन्हा पुन्हा छापले जाते. ते वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे; परंतु गणित कोणते, स्पर्धेत कोण होते आणि किती अंतर पडले, हे त्या वाक्यात नसते. सी-डॅकचा पराक्रम एवढ्या वाक्यावर अवलंबून नाही. बंद दारासमोर तीन वर्षांत यंत्र उभे करणे हाच तो पराक्रम होय.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सराफाची कसोटी दगडाची असते. सोने तिला ओळखून आपला रंग बदलत नाही. संगणकाची कसोटी मात्र आधीच सर्वांस ठाऊक असते. सर्व्हरांच्या कसोट्या ठरविण्यासाठी १९८८ साली कंपन्यांनीच ‘स्पेक’ ही संस्था काढली. तिच्या पहिल्या संचातील ‘मॅट्रिक्स ३००’ ह्या गणिताचा जवळजवळ सगळा वेळ कार्यक्रमाच्या एका लहानशा तुकड्यात जाई. हे हेरून कंपायलर, म्हणजे कार्यक्रमाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, असे घडविण्यात आले की गुण कित्येक पटींनी वाढले. बाकीच्या कामात तसा लाभ नव्हता. १९९२ च्या संचातून ते गणित वगळावे लागले.

हा खेळ जुना झाला असे कोणी समजू नये. २०२४ च्या फेब्रुवारीत स्पेकने इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांचे २६०० हून अधिक प्रसिद्ध निकाल ग्राह्य नसल्याचे जाहीर केले. कसोटीतील एका कार्यक्रमाची पूर्वमाहिती वापरून कंपायलरने तेवढ्यापुरता वेग वाढविला होता, असा तिचा निष्कर्ष होता. एएमडीशी चुरस ऐन भरात असतानाचे हे निकाल होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : नियम लिहिलेले होते, निकाल तपशिलासह उघड होते, म्हणूनच दोष पकडता आला. कसोटी टाकून देणे हा ह्यावरील उपाय नव्हे. ती उघड्यावर घेणे आणि वेळोवेळी बदलणे हाच खरा उपाय.

मग विश्वास कशावर ठेवावा? आपल्या स्वतःच्या कामावर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरांच्या चौकटीत हवामान पाहते. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरांची होती. अंदाजाच्या ज्या कामास प्रत्यूषवर दहा तासांपर्यंत लागत, ते अर्कवर चार तासांत होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. क्रमवारीतील जागेपेक्षा हा आकडा मला मोलाचा वाटतो; कारण तो कामाचा आहे. तरीही चार तासांत निघालेला अंदाज खरा ठरला की नाही, हे घड्याळ सांगत नाही.

ज्या मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ सोसला आणि २०१६ साली लातुरास रेल्वेने आलेले पाणी पाहिले, त्याने ही शेवटची कसोटी आपल्या हाती ठेवावी. अंदाज काय होता आणि आपल्या मंडळात पाऊस किती पडला, ह्यांची शेजारी-शेजारी मांडलेली वही दरवर्षी लोकांसमोर यावी. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्राकडून एवढा हिशेब मागण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि तो मागण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.