अणुऊर्जा क्षेत्रातील स्मरणीय कामे : इंदूरचे कॅट आणि बडवानीचे काकोडकर

इंदूरच्या मराठी घरांना ‘कॅट’ हा शब्द नवा नाही. कॅट रोडवरून आपण सारेच जातो. कोणाचा भाचा तिथे नोकरीला असतो, कोणाचे शेजारी तिथून निवृत्त झालेले असतात. पण आत नेमके काय घडले, हे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘लेसरचे काहीतरी’ एवढ्यावरच थांबते. अणुऊर्जा म्हटले की बॉम्ब किंवा वीज, एवढेच डोळ्यांपुढे येते. या क्षेत्रात आयुष्य घालवणाऱ्यांना समाधान देणारी कामे मात्र पुष्कळदा वेगळीच असतात. त्यांपैकी आपल्या परिसराशी नाते असलेल्या काहींची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

बडवानी ते ध्रुव

अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1943 रोजी बडवानी येथे झाला. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्ती लढ्यातील. पोर्तुगीजांच्या कैदेमुळे ते बराच काळ घरापासून दूर होते. आई कमलाताईंनी मुलाला वाढवले. सुरुवातीचे शिक्षण बडवानी व खरगोन येथे, पुढे मुंबईत रुपारेल महाविद्यालय आणि व्हीजेटीआय. 1964 मध्ये ते भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले. म्हणजे हे आपल्या निमाडातलेच नाव!

तुर्भे येथील ‘ध्रुव’ या 100 मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या संशोधन अणुभट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 8 ऑगस्ट 1985 रोजी भट्टी कार्यान्वित झाली, परंतु इंधनकांड्या प्रमाणाबाहेर थरथरू लागल्या. भट्टी कमी शक्तीवर चालवत दोष शोधावा लागला, इंधनाच्या रचनेत सुधारणा कराव्या लागल्या. पूर्ण शक्ती गाठायला 1988 चा जानेवारी उजाडला. रुग्णालयांत लागणारे किरणोत्सारी समस्थानिक तयार करण्यासाठी पुढे हीच भट्टी उपयोगी पडली.

कल्पाक्कमची दुरुस्ती

दुसरे काम कल्पाक्कमचे. तेथील दोन्ही वीजभट्ट्यांमध्ये जड पाणी आत आणणाऱ्या भागाचे आतल्या आत तुकडे झाले. जिथे माणूस जाऊ शकत नाही, हात पोहोचत नाही, तिथला हा बिघाड. एका टप्प्यावर या भट्ट्या मोडीत काढाव्या लागतील अशी वेळ आली होती. जड पाण्याच्या प्रवाहाची वाट बदलून त्या कमी शक्तीवर चालू ठेवल्या गेल्या आणि पुढे मोठ्या दुरुस्तीत ‘स्पार्जर’ म्हणजे सच्छिद्र नळ्या बसवून त्यांची शक्ती पुन्हा वाढवण्यात आली. या पुनरुज्जीवनाची कल्पना मांडण्यात काकोडकरांचा पुढाकार होता. नव्या प्रकल्पाची कोनशिला बसते, सोहळा होतो. दुरुस्तीचा सोहळा होत नाही. पण मोडीत निघू पाहणारी देशाची ठेव त्यामुळे वाचली.

सुखनिवासचे केंद्र

होळकरांच्या सुखनिवास परिसरात सुमारे 760 हेक्टर जागेवर या केंद्राची पायाभरणी 19 फेब्रुवारी 1984 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाली. जून 1986 मध्ये मुंबईहून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी येथे आली. संस्थापक संचालक होते सागरचे डॉ. दिलीप भवाळकर, त्यांना 2000 साली पद्मश्री मिळाली. डिसेंबर 2005 मध्ये केंद्राला डॉ. राजा रामण्णांचे नाव देण्यात आले. अधिकृत नाव आता ‘आरआरकॅट’ आहे, आपल्या बोलण्यात मात्र अजून कॅटच.

येथील सर्वांत मोठे काम म्हणजे इंडस-1 आणि इंडस-2 ही सिंक्रोट्रॉन यंत्रे. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवायचे आणि चुंबकांनी त्यांची वाट वळवायची. वळताना ते अतिशय तेजस्वी प्रकाश व क्ष-किरण सोडतात. त्यांच्या साहाय्याने धातू, औषधे, प्रथिने यांची अंतर्रचना तपासता येते. इंडस-1 हे 1999 मध्ये कार्यान्वित झाले. इंडस-2 चा घेर 172.5 मीटर, त्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 17 लाख फेऱ्या मारतात. नळीत हवेचे थोडे रेणू उरले तरी इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळून वाया जातात, म्हणून अत्युच्च निर्वात राखावा लागतो. चुंबक, वीजपुरवठा, निर्वात, नियंत्रण ही कामे करणाऱ्या शेकडो लोकांची यंत्राला गरज असते. आज देशभरच्या विद्यापीठांतील संशोधक आपले नमुने घेऊन इंदूरला येतात.

जिनिव्हा, नरोरा आणि चोइथराम मंडी

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचे लार्ज हॅड्रॉन कोलायडर आहे. त्यातले मुख्य चुंबक 15 मीटर लांब आणि 30 टनांहून जड. ते केसाच्या जाडीइतकेही सरकून चालत नाहीत. त्यांना अचूक जागी धरणारे सुमारे 7 हजार जॅक भारताने पुरवले आणि त्या कामाची धुरा आरआरकॅटकडे होती. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज बोसॉनची घोषणा झाली, तेव्हा त्या यशाला इंदूरचाही हात लागला होता.

नरोरा अणुवीज केंद्रात एकेका भट्टीतील 306 नलिका बदलायच्या होत्या. त्या कामात आरआरकॅटच्या लेसरने धातूची कापणी केली. लेसरचा किरण तंतूमधून दूरवर नेता येतो, त्यामुळे कामगाराला किरणोत्साराजवळ कमी वेळ थांबावे लागते. हा लाभ कुठल्या उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही, पण तो माणसाच्या आरोग्याचा आहे.

आपल्या रोजच्या जगण्याजवळचे उदाहरण चोइथराम मंडीतले. तेथे आरआरकॅटने इलेक्ट्रॉन प्रवेगकावर चालणारे विकिरण केंद्र उभारले असून वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी त्याचा वापर होतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे विकिरण केंद्र याच वाटेवरचे. तिथे किरणोत्सारी स्रोताने कांद्याला कोंब येणे रोखले जाते.

या क्षेत्रात जायचे असेल तर

अभियांत्रिकी पदवीधर आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी भाभा केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयात, जे 1957 पासून सुरू आहे, निवड परीक्षा व मुलाखतीतून प्रवेश मिळवू शकतात. प्रशिक्षण एक वर्षाचे, विद्यावेतनासह. पदविकाधारक, बीएस्सी आणि आयटीआय झालेल्यांसाठी विद्यावेतनी प्रशिक्षणार्थी ही वेगळी वाट आहे. पालकांनी एक ध्यानात ठेवावे : येथे एकेका कामाला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि नाव बहुधा केंद्राचेच होते. ज्याला हे मानवते, त्याने जरूर जावे.

1986 मध्ये आलेली तुकडी आता निवृत्त झाली आहे. चुंबक बसवणारे, जोडकाम करणारे, रात्रपाळीला नियंत्रण कक्षात बसणारे यांच्यातले अनेक जण आपल्याच वस्त्यांत राहतात. त्यांनी आपल्या कामाची आठवण दोन पाने का होईना, लिहून मंडळाकडे द्यावी, ही आमची विनंती. यंत्राचा इतिहास केंद्राच्या दप्तरात राहील. माणसांचा आपल्यालाच जपावा लागेल.