सशांची लस आणि माणसांचे हिशेब

कामगार संघटनेच्या माणसाने सशांच्या लशीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु रोग सोडला कोणी, भोगला कोणी आणि लस कोणाच्या वाट्याला आली, हे प्रश्न आमच्या रोजच्या कामातलेच आहेत.

मिक्सोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग. १८९६ साली माँटेव्हिडिओ येथे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले ससे भराभर मेले, तेव्हा तो प्रथम ओळखला गेला. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशाला त्याने नुसती गाठ येते. युरोपियन सशाचे मात्र डोळे सुजून मिटतात आणि बहुधा पंधरवड्याच्या आत तो मरतो. डास आणि पिसवा हा रोग पसरवतात.

ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेसाठी आणलेल्या सशांनी कुरणे फस्त केली, म्हणून १९५० साली सरकारी शास्त्रज्ञांनी हा विषाणू मरे नदीच्या खोऱ्यात सोडला. लोकरवाले जमीनदार सुखावले. १९३० नंतरच्या मंदीत मात्र याच सशांच्या मांसावर आणि कातड्यांवर कित्येक बेकारांची कुटुंबे जगली होती. जमाखर्चात ती बाजू कोणी फारशी मांडत नाही. १९५१ साली त्याच भागात माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांचा संशय सशांच्या विषाणूवर गेला. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लूनीझ रॉस या तिघांनी तो विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही. आपल्या प्रयोगाची जोखीम आधी आपल्या अंगावर घेणारे असे लोक आम्हाला आवडतात.

फ्रान्समधला प्रकार निराळा. पॉल आर्मां-देलील हे निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक; मेयब्वा येथे त्यांची तटबंदी असलेली मोठी जमीन होती. जून १९५२ मध्ये त्यांनी दोन सशांना विषाणू टोचून आवारात सोडले. कोणाला विचारले नाही, सांगितले नाही. भिंत डासाला काय अडवणार! थोड्याच महिन्यांत साथ फ्रान्सभर पसरू लागली आणि १९५३ साली इंग्लंडात केंट परगण्यात पोचली. फ्रान्समधला गावकरी परसात खुराडे ठेवून गवत-पाल्यावर ससे वाढवी. घरच्या मांसाची ती सोय. तेही ससे मेले. शिकारी संतापले, शेतकरी खूश झाले. जानेवारी १९५५ मध्ये न्यायालयाने देलील यांना ५,००० फ्रँक दंड केला. जुन्या फ्रँकांत ती रक्कम किरकोळच. पुढच्याच वर्षी त्यांना सुवर्णपदक मिळाले. पदकाच्या एका बाजूला त्यांची मुद्रा, दुसऱ्या बाजूला मेलेला ससा!

आता लस. तिचे बीज साथीच्या आधीच हाती आले होते. १९३२ साली रिचर्ड शोप यांनी अमेरिकेतल्या रानसशांत गाठी आणणारा एक सौम्य विषाणू शोधला. तो टोचलेला ससा मिक्सोमॅटोसिसपासून बचावतो, असे पुढे दिसले. १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवींनी माणसाच्या देवी टाळल्या, तीच ही युक्ती. लस टोचण्याला आपल्याकडे ‘देवी काढणे’ म्हणत; त्या अर्थाने सशांच्याही देवी निघू लागल्या. इंग्लंड-फ्रान्समध्ये खुराड्यातले ससे या लशीने वाचवता आले.

१९८४ साली चीनमध्ये सशांचा रक्तस्रावी रोग ही दुसरी साथ उद्भवली. तिच्यावरही लस निघाली. २०१२ पासून युरोपात दोन्ही रोगांना पुरणारी एकच लस मिळू लागली: मिक्सोमॅटोसिसचाच विषाणू दुबळा करून त्यात दुसऱ्या विषाणूचा अंश बसवलेला.

ऑस्ट्रेलियात मात्र विचित्र स्थिती आहे. रक्तस्रावी रोगाची लस तेथे पाळीव सशांना देतात. मिक्सोमॅटोसिसची देता येत नाही. जिवंत लशीतला विषाणू रानात गेला तर रानससेही बचावतील, ही भीती. कुरणे आणि दुर्मिळ झाडेझुडपे राखणाऱ्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. सशांनी केलेला नाश खराच मोठा आहे. पण सरकारने सोडलेल्या रोगाची किंमत खुराड्यातल्या सशाने आणि त्याला वाढवणाऱ्या पोराने का मोजावी, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही. तेथले पशुवैद्य पालकांना सांगतात, खुराड्याला बारीक जाळी लावा आणि संध्याकाळी डास उठण्याआधी ससे आत घ्या.