पानिगीरी : ग्रीकांची जत्रा

आपण जिला जत्रा म्हणतो तिला ग्रीक खेड्यांत 'पानिगीरी' म्हणतात. 'पान्' म्हणजे सर्व, 'आगोरा' म्हणजे सभा. मूळ 'पानेगीरिस' हा सर्वांचा मेळा होय. ऑलिंपियाच्या मेळ्याकरिता म्हणून इसोक्रातीसने इ. स. पू. 380 च्या सुमारास 'पानेगीरिकोस' हे भाषण लिहिले. आपसांतली भांडणे सोडा, इराणविरुद्ध एक व्हा, हा त्याचा धोशा. पुढे रोमन दरबारात तोच शब्द सम्राटाच्या स्तुतिभाषणाला चिकटला. (भाट कोठे नसतात?) खेड्याने मात्र मूळ अर्थ टाकला नाही. जुने देव गेले, ख्रिस्ती संत आले. तरी 15 ऑगस्टला मरियेच्या नावाने गाव जमते, जेवते, रात्रभर नाचते. आपली जत्रा 'यात्रे'तून, म्हणजे चालण्यातून निघाली, त्यांची जमण्यातून. आणि खुळचट माणसाला तिकडे म्हणतात, 'हा पानिगीरीच्याच कामाचा!'