दहा दंडांचा भार : एका पत्त्याच्या अर्थाचा इतिहास

टॅरोच्या पत्त्यांतील दंडांची दश्शी हे भार आणि इच्छाशक्ती यांचे प्राचीन प्रतीक होय, असे सर्रास मानले जाते. इतिहासास हे मत मान्य होण्यासारखे नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी निर्माण झाले. या रंगाचे मूळ नाव ‘बास्तोनी’, म्हणजे सोटे. त्याच्या दश्शीवर बहुधा दहा सोट्यांच्या मांडणीपलीकडे काही नसे. 1781 मध्ये कूर द जेबलँ याने पत्त्यांचे मूळ इजिप्तमध्ये असल्याचे प्रतिपादिले, तेव्हा तेथील चित्रलिपी कोणासही वाचता येत नव्हती. पुढे लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्यामंडळाने या रंगाचा संबंध अग्नितत्त्वाशी जोडला. इंग्रजीत ‘वाँड’, म्हणजे जादूगाराची कांडी, हे नाव रूढ झाले. सोट्याची कांडी होताच तीत इच्छाशक्तीचा अर्थ शिरण्यास वाट मिळाली.

भाराचे चित्र त्याहून निराळ्या वाटेने आले. ए. ई. वेट याच्या 1909 च्या संचासाठी पामेला कोलमन स्मिथ हिने दहा दंड कवटाळून वाकलेला पुरुष रेखाटला. त्याचे विलक्षण साम्य आहे ते 1491 च्या सुमाराच्या सोला-बुस्का संचातील तलवारींच्या दश्शीशी. त्या संचाची छायाचित्रे 1907 पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती.

तात्पर्य, चित्र तलवारींचे, नाव कांडीचे आणि अर्थ आधुनिकांचा. प्रतीक जुने म्हणून त्याचा अर्थही जुना, हे अनुमान सदोष होय.