ओटा (स्वयंपाकाचा)

ओटा : उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून भिंतीलगत बांधलेला दगडी कट्टा. चूल आणि पाटा-वरवंटा होता तोवर घरातले बहुतेक रांधणे-वाटणे जमिनीवर बसून होई. रॉकेलचा स्टोव्ह आणि पुढे सिलिंडरचा गॅस (मुंबईत १९५५ पासून) आला, तसे शहरांत उभ्याने स्वयंपाक करणे रुळत गेले.

पूर्वी ओट्यावर सर्रास कडप्पा बसवत. हा काळा चुनखडक. लिंबाचा रस किंवा आमसुलाचे पाणी सांडून राहिले, की त्यावर फिकट डाग पडतात. ग्रॅनाइट आम्लाला सहसा दाद देत नाही. म्हणून आता वर ग्रॅनाइट आणि खालच्या कप्प्यांना कडप्पा, अशी विभागणी दिसते.

ओट्याची रुंदी साधारण ६० सेंमी आणि उंची ८० ते ८५ सेंमी ठेवतात. खरा घोळ उंचीचा आहे. कोपरापासून १० ते १५ सेंमी खाली हात चालला, की खांदे अवघडत नाहीत. पण सगळी कामे एका उंचीची नसतात. कणीक मळताना अंगाचा भार खाली द्यावा लागतो. पोळपाट स्वतःच दोन-तीन बोटे उंच असतो, आणि शेगडीवरच्या कढईचा काठ तर ओट्याच्या बराच वर येतो. बुटक्या बाईला त्यात उलथने फिरवताना दर वेळी कोपर उचलावे लागते. शेगडी आणि पोळपाटापुरता ओटा खाली घेणे हा सरळ उपाय आहे. सरसकट एकच उंची ठेवणे हा गवंड्याच्या सोयीचा.

मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ × ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. पावले वाचवणे हा तिचा हेतू होता, तरी कामाच्या फळीपाशी तिने फिरते स्टूल आठवणीने ठेवले. आपल्या ओट्यापाशी बसायची सोय क्वचितच असते. ओट्याच्या एका टोकाला खालचे कपाट न करता गुडघ्यांपुरती पोकळी सोडली आणि तेवढा भाग ७५ सेंमी उंच ठेवला, तर भाजी बसून निवडता-चिरता येते, आजींना हातभार लावता येतो आणि मूल शेजारी बसून अभ्यास करते. स्वयंपाकघरात ऊब येते ती अशाने. महागड्या ट्रॉल्यांनी नव्हे.

शेगडी आणि सिंक यांच्यात निदान दोन-अडीच फूट मोकळी जागा हवी. नाहीतर लाटलेल्या पोळीवर पाणी उडते. सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असल्यास कपाटाला तळाशी झरोका हवाच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असून गळती झाल्यास जमिनीलगत साचतो.

दगड बसल्यावर उंची बदलायची म्हणजे तोडफोड आली. तेव्हा फरशी कापण्याआधी घरात जे कोणी रांधणार आहेत त्यांना तिथे उभे करा आणि त्यांच्या कोपराचे माप घ्या.